पहिल्या रांगेतला हिरवा दिवा

त्या शनिवारी आम्ही दही विसरलो. थालीपिठांचा डबा होता, लोणचं होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या, जुईच्या धनुष्याची लांबुळकी पेटी होती. दही मात्र ओट्यावर राहिलं. त्यावरून रिक्षात तिघांची जुंपली.

"आजोबाच विसरले," जुई म्हणाली.

"डबा तुझ्या आईनं भरला," माझे बाबा म्हणाले.

"भरला मी. उचलायचं काम कोणाकडे होतं?"

"मीटरवाल्याकडे," जुई म्हणाली, आणि बाबांबरोबर रिक्षावालाही हसला.

बाबा वीज मंडळात मीटर तपासायचे. मीटरशी लबाडी करणाऱ्यांना पकडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जुन्या चकतीच्या मीटरात कोणी फिल्मची पट्टी सरकवून चकती अडवी, कोणी लोहचुंबक चिकटवी, कोणी तार परस्पर ओढून घेई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात ते मीटरवालेच राहिले. आई होती तेव्हा तीही रागावली की हेच म्हणायची.

तिरंदाजीचं मैदान अमरावतीच्या बाहेर आहे. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन आताच बोचायला लागलं होतं. फाटकावर आमच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या. जुई मुलींच्या घोळक्यात गेली. आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसलो. शेजारी खोडके होते. सिमेंटच्या पाइपांचा धंदा करणारे, आवाजी गृहस्थ. त्यांचा मुलगा जुईबरोबर शिकायचा.

"या ताई, या," खोडके म्हणाले. "आज किती बाण टिकता? मी तर म्हणतो, तुमची खुर्ची त्या शेडमंदीच मांडून ठेवावं. येनंजानं वाचते."

"तिला चिडवू नका हो," बाबा म्हणाले. "ती चिडली की अजून लवकर लाल होते."

मी तिसऱ्या बाणाला लाल झाले.

ज्यांच्या घरात खेळणारं मूल नाही त्यांच्यासाठी पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच अगदी सारखं नसतं. श्वास आत घेताना ते किंचित घटतं, सोडताना वाढतं. माणूस निवांत असला की हा हेलकावा मोठा असतो. घाबरला की ठोके घाईचे होतात आणि एकसुरी. पट्टी हे अंतर मोजते आणि कातडीवरचा घाम मोजते. एवढं तर मी कॉलेजात होते तेव्हाच्या घड्याळांनाही जमायचं. नवं जे सापडलं ते लहान मुलांच्या स्पर्धांमध्ये. संशोधकांनी मैदानावरच्या मुलांना आणि बघायला बसलेल्या मोठ्यांना एकाच वेळी पट्ट्या बांधल्या, तेव्हा त्यांना दिसलं की मुलाच्या ठोक्यांची चाल काही क्षण मागे राहून, बघणाऱ्यांपैकी एका ठरावीक माणसाच्या पाठोपाठ जाते. मूल त्याच्याकडे टक लावून बघत नसतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचे खांदे, जबडा, श्वासाची लय टिपतं, आणि शरीर त्या माणसामागे निघतं. याला त्यांनी सहस्पंदन म्हटलं. ओरडणाऱ्या आईबापांमुळे मुलं बिथरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड मिटून आतल्या आत धडधडणारेही तेच करतात, हे आता कळलं.

मग नियम आले. चौदा वर्षांखालच्या स्पर्धांत पालकांची वेगळी रांग, प्रत्येकाला पट्टी, खुर्चीच्या पाठीला दिवा. दिवा लाल झाला की त्या पालकाने उठून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं आणि उरलेला सामना पडद्यावर बघायचा. मूल ज्याच्यामागे जातं तो त्याचा 'आधार'. राज्याच्या निवासी अकादमीत मुलं निवडताना गुणांबरोबर त्या जोडीची स्थिरताही धरायची.

हेतू वाईट नव्हता. हरलेल्या पोरीच्या मुस्कटात मारणारा बाप मी याच मैदानावर पाहिला आहे. पट्टी आल्यापासून ते थांबलं. भावना ओळखा, सांभाळा, असं शिकवणारे वर्ग निघाले. आम्ही सगळे त्या वर्गांना गेलो. तिथे माझ्या लक्षात आलं की ओळखण्याचा धडा पहिल्या तासात संपतो आणि उरलेले सगळे तास सांभाळण्याचे असतात. जीभ टाळूला लावा, पायाची बोटं आवळा, शंभरपासून उलटे मोजा. मी कॉलेजात भूगोल शिकवते. पाठ करायची सवय आहे. सगळं पाठ केलं, आणि जुईने धनुष्य उचललं की लाल व्हायचे.

जुईचा आधार बाबा होते. त्यांचा दिवा कधी पिवळासुद्धा होत नसे.

"जा," त्या शनिवारी ते मला म्हणाले, "चहा घे. मी बसतोय."

मी शेडमध्ये गेले. पडद्यावर जुई दिसत होती: दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली, खांदा खाली, डोळा स्थिर. चांगला तिरंदाज दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी बाण सोडतो, असं तिच्या मार्गदर्शक सलामे मॅडम सांगतात. जुईचे तसे क्षण लांब असायचे. तिच्यामागे पहिल्या रांगेत बाबा, मांडीवर टोपी, आणि त्यांच्या डोक्यामागे हिरवा दिवा. मला हायसं वाटायचं आणि लाजही. आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भेटायला आलेल्यांसाठी बाबांनी स्वतः चहा टाकला होता. "रडून झालं की तोंड धू," ते मला म्हणाले होते. मला तेव्हा त्यांना काही सांगायचं होतं. त्यांचा चेहरा पाहून सांगितलं नाही.

घरी आल्यावर आम्ही थालीपिठं ओट्यावर आंबलेल्या दह्याशी खाल्ली. बाबा दुपारी फार वेळ झोपले. उठल्यावर हात गार पडलेत म्हणाले. जुईने त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही बेडूक झालात." संध्याकाळी दोघांनी मिळून बाणांची पिसं चिकटवली. बाबांनी एक उलटं लावलं म्हणून तिची बोलणी खाल्ली.

सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर घरी आले. नाडी मंद होत होत थांबली असावी, म्हणाले. वय होतं, रक्तदाब होता, त्रास झाला नाही. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. नाशिकला नोकरीला असलेला माझा नवरा आला, तेरावं झाल्यावर परत गेला. नातलग पांगले. घरात जुई आणि मी उरलो.

जुई रडली नाही. वर्गांत शिकवलेलं सगळं तिलाही पाठ होतं.

महिन्याभराने सलामे मॅडम घरी आल्या. मेळघाटातून आलेल्या, कधीकाळी देशासाठी खेळलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. जुईचे बाण पसरत होते. अकादमीची निवड मे महिन्यात होती. मॅडम पाणी प्यायल्या, बाबांच्या फोटोला त्यांनी नमस्कार केला आणि बराच वेळ फोटोकडेच बघत बोलल्या.

"आधार गेला तर एक सोय आहे. तुमच्या वडिलांच्या प्रत्येक सामन्यातली नाडी नोंदलेली आहे. तीच चाल मुलीच्या पट्टीतून देता येते. मनगटावर हलके ठोके पडतात. शरीर त्यांच्यामागे जातं, माणूस समोर नसला तरी. वर्षभर परवानगी आहे."

"म्हणजे बाबांचे ठोके?"

"त्यांचेच."

जुई दारात उभी होती. "मला पाहिजे," ती म्हणाली. महिन्याभरात तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मी विचार करायला वेळ मागायला हवा होता. मी दमले होते. तिला सांभाळणारं कोणीतरी मला हवं होतं, आणि बाबा पुन्हा ते काम करायला तयार होते. मी हो म्हणाले.

पहिल्या आठवड्यातच बाण गोळा झाले. लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात सहाही बाण एकमेकांना खेटून, पेन्सिलींच्या जुडग्यासारखे. मैदानावरची मुलं बघायला यायची. "आजोबा टकटक करतात," जुई त्यांना सांगायची, "बोटाने केल्यासारखं." ती पट्टी शाळेत घालायला लागली, मग झोपतानाही.

एकदा ती अभ्यासाला बसली असताना मी सहज म्हणून तिच्या मनगटावर बोटं ठेवली. पट्टीखालून ठोका आला. मग थांबला, आणि दुसरा आला. बाबांच्या छातीवर डोकं ठेवून मी लहानपणी झोपत असेन, मला आठवत नाही. हात काढून घ्यायला हवा हे समजत होतं. कुकरची शिटी होईपर्यंत मी तशीच बसले.

"आई, मला लिहायचंय," जुई म्हणाली.

हळूहळू ती बदलली, इतक्या हळूहळू की कौतुकच होत गेलं. शाळेतून निरोप आला की मुलगी फार शहाणी झाली. ती भांडेनाशी झाली. भाजी कुठलीही केली तरी खायची. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबून कठड्याला हात लावायची. हात गार असायचे. दुपारी शाळेतून आली की झोपायची, थेट दिवेलागणीपर्यंत. मी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टीवरचे आकडे बघितले. "खेळाडूचं हृदय आहे हो," ते म्हणाले, "असं हृदय असायला लोक काय काय करतात."

निवडीच्या आदल्या आठवड्यात, मैदानाबाहेरच्या टपरीवर खोडकेंनी मला चहा घ्यायला लावला. जुईचे बाण पाहून ते हरखले होते.

"तुमचे बाबा गेले नाहीत, ताई. तिथंच हायेत. गुरू माणूस होता माहा."

"गुरू? कशात?"

"आता कशात म्हणजे... गोळीत."

"कुठल्या गोळीत?"

खोडकेंनी माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. "तुमाले माहीत नाही? अरे बाप्पा."

"खोडके, सांगा."

"जाऊ द्या नं ताई, मेलेल्या माणसाचं—"

"सांगा."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. आवाज उतरवला की ते वेगळेच दिसायचे. "मीबी तुमच्यासारखाच लाल व्हायचो. पोरगा म्हणे, पप्पा, तुमच्यानं माहे बाण सुटते. लाज वाटे. तं एक दिवस तुमचे बाबा म्हणाले, खोडके, मीटरले काय दिसते? चकती फिरते का नाही, एवढंच. घरात काय पेटलं हाय ते मीटरले दिसत नाही. आन् त्यायनं मले आपल्या बी.पी.ची गोळी दाखवली. ठोके हळू करते. धनुष्यवाल्या पोट्ट्यायले बंदी हाय तिची, तपासणीत धरतात. पालकाले कोण तपासते?"

"ती गोळी ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायचे. रोज एक."

"सकाळची एक, ते डॉक्टरची. मैदानावर निघतानाची त्यायची सोताची. मंग मोठा सामना असला तं..." खोडके थांबले. "मी एकच घेतो, ताई. आईशपथ."

"पण बाबांना कशाला लागायची? त्यांना तर कधी..."

"त्यायले?" खोडके हसले, पण नेहमीसारखे नाही. "पट्टी यायच्या आदल्या साली, पह्यल्या सामन्यात, तुमी नव्हत्या तवा, पोरीनं पह्यला बाण लावला आन् तुमचे बाबा माहा हात धरून बसले. वळ उठले इथं. असा घाबरट माणूस म्या पाह्यला नाही. मले म्हणे, पोरगी माह्यावर गेली. केतकी, म्हंजे तुमी. सगळं हिच्या चेहऱ्यावर दिसते. कोणी एकानं तं हिरवं पाह्यजे नं घरात."

चहा निवून त्यावर साय धरली. खोडकेंना कोणीतरी हाक मारली आणि ते सुटल्यासारखे गेले.

त्या गोळ्यांनी बाबा गेले का, हे आता कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. मी विचारायलाही गेले नाही. मला दुसऱ्याच गोष्टीने थकवा आला. इतकी वर्षं त्या घरात मी एकटी घाबरट होते. आई दवाखान्यात होती तेव्हा, जुई वेळेआधी जन्मली तेव्हा. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटली होती. ते शेजारीच होते, माझ्याइतकेच लाल, आणि माझ्यासाठी हिरवे दिसायची मेहनत करत होते. आम्ही दोघांनी मिळून घाबरायला काय हरकत होती?

आणि ते जुईच्या मनगटावर जे पडत होतं, तो बाबांचा निवांतपणा नव्हता. तो औषधाचा ठोका होता. तेरा वर्षांची मुलगी रात्रंदिवस त्याच्यामागे चालली होती.

मी सलामे मॅडमना गाठलं. सगळं सांगितलं. त्या बाणांचे दांडे पुसत होत्या, पुसतच राहिल्या.

"पट्टीला नाडी दिसते, कारण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "या रांगेत बसलेल्यांतले किती गोळीवर आहेत, मला अंदाज आहे. कोणाचं नाव घेऊ? घेतलं तर ती मुलं बाद होतील. पोरांची काय चूक?"

"मी जुईचे ठोके बंद करायला सांगते आहे."

"करते. आज करते. पण रविवारी निवड आहे, ताई. ती कशावर उभी आहे ते तुम्ही बघताय. तिला काय सांगाल, आजोबा खोटे होते?"

रविवार होऊ दे, मी ठरवलं. चार दिवसांनी काय बिघडणार. दमलेला माणूस असंच ठरवतो.

रविवारी मी तात्पुरता आधार म्हणून पहिल्या रांगेत बसले. बाबांच्या जागी. वारा सुटला होता, लक्ष्यांवरचे छोटे झेंडे फडफडत होते. जुईने पहिले दोन सामने सहज काढले, आणि माझा दिवा कसाबसा पिवळ्यावरच राहिला. तिसरा साताऱ्याच्या मुलीशी होता. हा जिंकला की अकादमी नक्की.

ती मुलगी बाण सोडला की जीभ चावायची, वाकडा गेला की स्वतःलाच पुटपुटून शिव्या द्यायची. तिची आई केव्हाच शेडमध्ये गेली होती. जुई मात्र फोटोतल्यासारखी. पहिला फेरा जुईचा, दुसरा तिचा, तिसरा जुईचा, चौथा तिचा. बरोबरी. मधल्या वेळात मुली सावलीत गेल्या, आणि जुई सावलीपर्यंत पोचलीच नाही. उन्हातच खाली बसली. ओठ निळसर दिसत होते. मैदानावरचा डॉक्टर धावत गेला. त्याने तिच्या पट्टीवरचे आकडे बघितले आणि निवड समितीच्या टेबलाकडे अंगठा वर करून दाखवला. मोठ्या पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवी अक्षरं आली: स्थिरता उत्तम.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या डोक्यामागे दिवा लाल झाला असणार, कारण पालकांच्या रांगेचा व्यवस्थापक माझ्याकडे यायला निघाला. बाहेर जाण्याआधी आधाराला एक हक्क असतो. सामन्यात एकदा, एका मिनिटाचा विराम मागून रेषेपर्यंत जाता येतं. तिथे बोलायची वाक्यं समितीने ठरवून दिलेली असतात आणि रांगेसमोरच्या फलकावर लिहिलेली असतात. तुझा खेळ बघायला मला आवडतं. निकाल काहीही लागो, तू माझीच आहेस. श्वासाकडे लक्ष दे.

"विराम," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही लाल आहात," व्यवस्थापक म्हणाला. "तुम्ही गेलात तर तिच्यावर येईल. जोडीचे गुण जातील."

"माझा हक्क आहे ना?"

त्याने सलामे मॅडमकडे बघितलं. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

जुई उठून रेषेवर आली होती. जवळून तिचा चेहरा बाबांसारखा दिसत होता, त्यांच्या शेवटच्या दुपारच्या झोपेतल्यासारखा.

"आई, लाल असून कशाला आलीस?" ती हळू म्हणाली. "जा ना. माझं बिघडेल."

"तुला चक्कर येतेय?"

"थोडी. आजोबा आहेत."

"जुई, पट्टी काढ."

"का?"

तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तो दगडासारखा गार होता. मी पाठ केलेलं काहीही मला आठवलं नाही. "हे ठोके आजोबांचे आहेत, पण आजोबा असे नव्हते. ते गोळी घ्यायचे. ठोके हळू करायची. पहिल्या रांगेतून कोणी उठवू नये म्हणून."

"खोटं."

"खोडकेकाकांना विचार. गोळीच्या आधी त्यांचा हात धरून बसले होते ते. वळ उठले होते."

जुईने पहिल्या रांगेकडे बघितलं. खोडके उभे राहिले होते. त्यांना ऐकू गेलं नसणार, पण आमच्याकडे बघून त्यांनी उगाचच मान हलवली, आणि त्यांच्याही खुर्चीचा दिवा लाल झाला.

"आजोबांना भीती वाटायची?" जुईने विचारलं. "माझ्या बाणांची?"

"प्रत्येक बाणाची. तू हरलीस तर त्यांचं काही जाणार नव्हतं. तरी वाटायची. तुझ्यावर जीव होता, म्हणून वाटायची."

"मग सांगितलं का नाही मला?" तिचा आवाज चिरकला. "मला पण वाटायची! मला वाटायचं, फक्त मलाच वाटते!"

तिने दातांनी पट्टीचा बंद ओढला, पट्टी सोडवली आणि माझ्या हातात दिली. ती हातातही ठोके देत राहिली. पडद्यावरचं तिच्या नावापुढचं हिरवं विझलं. टेबलावरून कोणीतरी ध्वनिक्षेपकात म्हणालं की पट्टीशिवायचा सामना निवडीसाठी धरला जाणार नाही.

"निवड नको, नुसता सामना तर धरतील ना?" जुईने सलामे मॅडमना विचारलं.

"तो धरतील," मॅडम म्हणाल्या. "पण आधी सावलीत बस. पाणी पी. वेळ मी मागून घेते." आणि त्या टेबलाकडे गेल्या, बऱ्यापैकी भांडायच्या तयारीने.

जुई तिथेच रेषेवर मांडी घालून बसली आणि रडायला लागली. नाक वाहत होतं, हातमोज्याने पुसत होती. साताऱ्याची मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, काय करावं ते न सुचून तिच्या शेजारी बसली. जुईच्या गालांवर हळूहळू रंग येत होता.

व्यवस्थापक माझ्या मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, मिनिट झालं. चला."

जुईने वर बघितलं. "आई," ती हुंदक्यांतून म्हणाली, "तुला आत्ता वाटतेय?"

पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी कधी कोणाशी बोलले नव्हते. घरात तर नाहीच. मी तिच्यासमोर खाली बसले.

"हो," मी म्हणाले, "मला भीती वाटतेय. बाबा गेले तेव्हापासून रोज वाटते. माझी आई गेली तेव्हा वाटली होती, आणि मी बाबांना सांगितलं नाही. मला त्यांची फार आठवण येते, जुई. मला फार भीती वाटते, आणि मी शेडमध्ये जाणार नाहीये."